पंचिंग मशीनमधल्या गुलाबी टिकल्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय नोकरी, स्थिर बुद्धीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (पत्नी स्वयंपाकघरात आहे आणि मधले दार लावलेले आहे) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आणि स्थावर-जंगमाकडे वळण्यापूर्वी सर्व संबंधितांच्या निदर्शनास अशी गंभीर बाब आणून देतो की गेल्या महिन्याच्या नऊ तारखेस माझ्या टेबलावरचे पंचिंग मशीन मला न विचारता वापरण्यात आले.

मशीन माझे स्वतःचे आहे, कंपनीचे नव्हे. लोखंडी, जड, एका दाबात वीस कागदांना दोन भोके पाडणारे. अठरा वर्षांत मी ते कोणाला दिलेले नाही आणि त्यामुळे कचेरीत माझ्याबद्दल जे बोलले जाते ते मला ठाऊक आहे. मशीनच्या खालचे झाकण काढले की आत कागदाच्या गोल टिकल्या साठलेल्या असतात. माझ्या टिकल्या पांढऱ्या असतात, कारण मी कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळतो आणि पत्रे पांढऱ्या कागदावर जातात. नऊ तारखेस झाकण काढले, तर पांढऱ्या ढिगावर सहा गुलाबी टिकल्या.

गुलाबी कागद आमच्या कारखान्यात एकाच कामाला वापरतात. आम्ही बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवतो. वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला की व्हॉल्व्ह आपण होऊन उघडतो, जोराने फुसकारतो आणि वाफ सोडून देतो. तो उघडला नाही तर बॉयलर आपला मार्ग आपण काढतो, आणि त्या वेळी त्या खोलीत कोणी नसलेले बरे. प्रयोगशाळेत एखादा व्हॉल्व्ह चाचणीत नापास झाला की त्याचा अहवाल गुलाबी कागदावर लिहायचा, म्हणजे तो गठ्ठ्यात लपत नाही, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. गेल्या दीड वर्षात आमच्याकडे एकही व्हॉल्व्ह नापास झालेला नाही, निदान कागदोपत्री तरी नाही. एका कागदाला दोन भोके. सहा टिकल्या म्हणजे तीन कागद. हे तीन कागद कोणाचे, हा प्रश्न मला मृत्युपत्रापर्यंत घेऊन आला आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे. या मृत्युपत्राच्या प्रत्येक पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मी टाचणीने भोक पाडले आहे. भोक नसलेले पान माझे नव्हे. बुद्धी शाबूत असल्याचा रुग्णालयाचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मग म्हणाले, "आपल्या पाठीमागे लोक काहीतरी करताहेत असं कधी वाटतं का?" मी म्हणालो, "वाटत नाही. टिकल्या सापडल्या आहेत." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि दाखला दिला.

कलम पहिले. राहते घर, त्यातील सर्व वस्तूंसह, पत्नीस. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही तिचीच नेमणूक करतो. पंचवीस वर्षे ती नेमणुकीविना तेच करते आहे. काल तिने दारातून विचारले, "अहो, तीन दिवस काय लिहिताय एवढं? घरात आहे काय वाटायला?" प्रश्न रास्त आहे.

कलम दुसरे. बँकेतली ठेव आणि भविष्य निर्वाह निधी, दोन्ही पत्नीस. आकडा लिहीत नाही, कारण हे मेहुणाही वाचेल.

कलम तिसरे. माझा संस्कृत-मराठी शब्दकोश तीन खंडांचा आहे. पाठशाळेत मला तो बक्षीस मिळाला होता. दुसरा खंड अकरा वर्षांपूर्वी मेहुण्याने चार दिवसांसाठी नेला आणि तेव्हापासून तो नेल्याचेच नाकारतो. सबब पहिला व तिसरा हे उरलेले खंडही मी त्यालाच देतो. संच त्याच्या घरी पूर्ण झाला की त्याला नाकारण्यासारखे काही उरणार नाही.

कलम चौथे. लिहिण्याचे टेबल आणि शाईचे पेन मुलीस. परगावी असते, दर रविवारी फोन करते. गेल्या खेपेला म्हणाली, "बाबा, तुमच्या पत्रात मुद्दा कुठे असतो ते शोधायला मला सुट्टी काढावी लागते." मी म्हणालो, पत्रव्यवहारात मुद्दा दिसू न देण्याचाच मला पगार मिळतो. ती हसली. मी तो विनोद म्हणून सांगितला नव्हता.

कलम पाचवे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तेवीस वह्या आहेत, त्यांविषयी.

कंपनीच्या प्रत्येक मीटिंगचे इतिवृत्त मी लिहितो. आधी कच्च्या वहीत जसेच्या तसे, कोण काय म्हणाले, कोण गप्प बसले, कोण खिडकीबाहेर बघत होते. मग त्यावरून पक्के, सभ्य भाषेत. कच्च्या वहीत "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" असते, पक्क्यात "सदर प्रस्तावावर सांगोपांग चर्चा झाली" असते. कंपनी काढणारे थोरले साहेब होते तोवर एक शिस्त होती. मीटिंग संपली की ते म्हणत, "शास्त्रीबुवा, वाचा." मी संस्कृत शिकलेला म्हणून कारखान्यात सगळे मला शास्त्रीबुवाच म्हणतात. मी कच्ची वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचो. स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणसे आपोआप ते मागे घेत. निम्मे चुकीचे निर्णय तिथेच गळून पडत.

थोरले गेले. त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये मला थांबवले. "वाचून काय दाखवताय शास्त्रीबुवा, सगळ्यांना मेल करा. तीन दिवसांत कोणी बोललं नाही तर मंजूर." तेव्हापासून कोणी बोललेले नाही. पुढे त्यांनी बाहेरचे सल्लागार आणून माहितीच्या देवाणघेवाणीचे धोरणही आणले. प्रत्येक विभागाने प्रत्येक विभागाला सर्व काही कळवायचे. आता मला रोज साठ पत्रांच्या प्रती येतात, कॅन्टीनमध्ये चमचे किती कमी झाले तेही कळते. आणि ज्या गोष्टींनी काही घडते किंवा बिघडते, त्या जिन्याच्या वळणावर उभ्याने बोलल्या जातात. त्या धोरणाची पूर्ण प्रत मी एकदा मागितली होती. ती गोपनीय निघाली.

वह्या पत्नीने जपाव्यात. रद्दीवाल्यास देऊ नयेत, तो फार आदबीने बोलला तरी. अलीकडे जो येतो तो नवा आहे आणि मला त्याचे बूट आवडलेले नाहीत.

कलम सहावे. वरीलपैकी चौथ्या क्रमांकाची वही धाकट्या साहेबांस द्यावी. तिचे एकसष्टावे पान दुमडलेले आहे. थोरल्यांनी एका व्हॉल्व्हची शंका आली म्हणून एक अख्खा लॉट फाटकातून परत बोलावला, ट्रक रिकामा करायला लावला आणि ड्रायव्हरला जेवायला बसवले, त्या दिवसाचे ते पान. धाकटे त्या वेळी शाळेत होते. त्यांना ही हकीकत ठाऊक नसावी. वाचून दाखवायला कोणी मिळाले नाही तर त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचावी.

कलम सातवे. हे दानाचे कलम नाही. पण आठव्याला आधार लागतो.

गेल्या वर्षी स्प्रिंग पुरवणारा बदलला. नव्या स्प्रिंगचा पहिला लॉट, क्रमांक एकतीस, एकशे चाळीस व्हॉल्व्ह. प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यातले वीस तपासले. ह्या बाई आमच्याकडे चौदा वर्षे आहेत आणि त्यांना मीटिंगला बोलावले जाते ते बहुधा खुर्च्या भराव्यात म्हणून. कच्च्या वहीतून उतरवतो:

बाई: "वीसपैकी तीन उघडले नाहीत. मला हाताने सोडवावे लागले."

धाकटे: "म्हणजे सतरा उघडले."

बाई: "साहेब, हा दहावीचा निकाल नाही."

धाकटे: "बाई, लॉट नामंजूर केला की सरकारच्या बॉयलर निरीक्षणालयाला कळवावं लागतं. कळवलं की ते मागचे सगळे लॉट काढणार. तीन महिने फाटक बंद. दोनशे माणसं आहेत बाहेर, त्यांना तुम्ही सांगणार का मी?"

बाई: "मग मंजूर करा. सही तुमची."

यानंतर वहीत मी लिहिले आहे: शांतता, पंखा. धाकट्यांनी पेन उचलले नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्या दोनशेंपैकी निम्म्यांची नावे त्यांना पाठ आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "शास्त्रीबुवा, मंजूर आणि नामंजूर यांच्या मधलं काही नसतं का हो तुमच्या शास्त्रात?"

मी म्हणालो, "विचाराधीन."

त्यांनी टेबलावर थाप मारली. "बघा. याला म्हणतात शिक्षण." सगळे हसले. मीही हसलो. मला बरे वाटले होते, हे लपवत नाही. तीस वर्षांत माझ्या विद्येचा कारखान्याला झालेला तो पहिला उपयोग.

लॉट विचाराधीन झाला. विचाराधीन म्हणजे नापास नव्हे, म्हणून धाकट्यांनी गुलाबी कागद काढू नका असे सांगितले. नापास नाही म्हणून अडवण्याचेही कारण उरले नाही. उरलेले एकशे वीस व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात गेले. विचार अजून चालू आहे.

चार महिन्यांनी निरीक्षणालयाचे पत्र आले: गेल्या वर्षात नामंजूर झालेल्या लॉटचा तपशील कळवावा. विचारतात तेवढेच सांगायचे, हा पत्रव्यवहाराचा पहिला धडा. मी उत्तर लिहिले: "विचारलेल्या कालावधीत एकही लॉट नामंजूर झालेला नाही." वाक्य छोटे आणि निर्दोष. त्यात एक अक्षर खोटे नाही. तसे वाक्य लिहायला मला अर्धा दिवस लागला, आणि त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

मग आल्या सहा टिकल्या.

माझी समजूत अशी झाली की कोणीतरी कुठलेसे कागद माझ्या फायलींतून काढले आहेत आणि ठपका माझ्यावर यावा म्हणून मशीनही माझेच वापरले आहे. मी पाच संशयितांची यादी केली. मशीनला दोरा बांधून ठेवला. विक्रीविभागाचा माणूस माझ्या टेबलाजवळ दोनदा विनाकारण शिंकला, त्याची वेळ लिहून ठेवली. सगळ्या फायलींतले कोपऱ्यातले पानक्रमांक तेवढे ताडून पाहिले. क्रमांक जिथल्या तिथे होते, एकही पान गेलेले नव्हते. शेवटी यादीतला पाचवा क्रमांक म्हणून प्रयोगशाळेत गेलो.

"बाई, माझं मशीन तुम्ही वापरलंत का?"

"वापरलं."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर कशाला हवंय म्हणाला असता."

"काय काढलंत माझ्या फायलीतून?"

बाईंनी हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला. "शास्त्रीबुवा, एवढे शिकलेले तुम्ही. कागद काढायला भोकं कशाला पाडायला लागतात?"

मी परत येऊन जावक फाइल पुन्हा उघडली. या वेळी गेलेल्या पानांऐवजी आलेली पाने शोधली. निरीक्षणालयाला लिहिलेल्या माझ्या त्या निर्दोष उत्तराच्या बरोब्बर मागे, व्यवस्थित भोके पाडून, तीन गुलाबी कागद लावलेले होते. तीन नापास व्हॉल्व्ह, तीन अहवाल, बाईंची सही, चाचणीच्या दिवसाची तारीख.

संध्याकाळी फाटकात मी त्यांना गाठले. "माझ्याच फायलीत का?"

"तुमच्या फायलीत लावलेलं कधी हरवत नाही म्हणून." मग चप्पल नीट करत त्या म्हणाल्या, "आणि मीटिंगमध्ये ऐकलेलं विसरता येतं हो. आता माहीत नव्हतं असं म्हणता यायचं नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मी ते कागद फाइलीतून काढले, डब्याच्या पिशवीत घातले आणि घरी आणले. काढायला मशीन लागले नाही.

कलम आठवे. उपरोक्त तीन गुलाबी कागद आणि तेविसाव्या वहीतले त्या मीटिंगचे पान एका लिफाफ्यात घालून, लाखेने बंद करून, माझ्या कपाटातल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आहे. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत पत्नीने तो लिफाफा निरीक्षणालयात समक्ष नेऊन द्यावा व पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नये. कोणी "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाल्यास तिथेच बसून राहावे.

हे कलम काल दुपारी लिहून झाले आणि मला फार हलके वाटले. माहिती योग्य ठिकाणी पोहोचेल, आणि ती देणाऱ्याला कोणी काही विचारू शकणार नाही. इतका व्यवस्थित पत्रव्यवहार मी आयुष्यात केला नव्हता. पत्नीला हाक मारून चहा मागितला. इथे सही करून थांबायचा विचार होता.

कलम नववे. आज मंगळवार, रजा टाकली आहे. सकाळी साडेदहाला साक्षीदार आले: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, आणि प्रयोगशाळेतल्या बाई. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, फक्त माझी सही होताना पाहायची, असे मी दोघांना सांगितले. पोस्टमास्तरांनी मान डोलावली. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांची पत्रे न वाचता पोहोचवली. बाईंनी पाने ओढून घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सातव्या कलमाला त्यांचा चेहरा हलला नाही. आठवे त्यांनी दोनदा वाचले.

"हा लिफाफा तुम्ही गेल्यावर द्यायचा?"

"हो."

"आणि तुम्ही कधी जाणार?"

पोस्टमास्तर चहा पिता पिता थांबले. मी म्हणालो, "म्हणजे काय बाई, असं कसं सांगता येईल."

"नाही, तारीख कळली तर बरं. सोबत डॉक्टरांचा दाखला दिसतोय. काय म्हणाले ते?"

दाखल्यात लिहिले आहे की माझी बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब तरुणाला शोभेल असा आहे आणि प्रकृती उत्तम आहे. बाईंनी तो वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. त्या दाखल्याबद्दल मी जे लिहायचे टाळले होते ते आता लिहितो.

गेल्या शुक्रवारी तो घ्यायला गेलो तेव्हा नंबर यायला वेळ होता. मला रुग्णालयाच्या मागच्या बोळातल्या बाकावर बसवले. समोर धुलाईखाना, दार उघडे. आत चादरींचे ढीग, कोपऱ्यात बॉयलर, आणि त्याच्यावर आमचा व्हॉल्व्ह. पितळी पट्टी बाकावरून वाचता आली. लॉट एकतीस. एक बाई बॉयलरकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या, चादरींच्या घड्या घालत होत्या. मी आत गेलो आणि विचारले की हे यंत्र कसे चालते, म्हणजे उगीच, माहितीसाठी.

त्या म्हणाल्या, "जुना मेला दिवसातून दोनदा फुस्स करायचा, काळजात धस्स व्हायचं. हा नवा बसवल्यापासून चकार आवाज नाही बघा. फार गुणी आहे."

मी म्हणालो, "असं का."

तीन खंडांचा शब्दकोश ज्याला बक्षीस मिळाला तो माणूस एवढेच म्हणाला. मग माझा नंबर पुकारला आणि मी वार सांगायला आत गेलो.

सबब कलम आठ मी या क्षणी रद्द करतो. लिफाफा कोटातून काढून बाईंच्या हाती दिला आहे. पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव आहे, आणि माझ्या त्या निर्दोष उत्तराची प्रत मी स्वतः आत जोडली आहे. त्या इथून थेट निरीक्षणालयात जातील. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकील सांगतात. म्हणून पंचिंग मशीन मी बाईंना मृत्युपत्राने न देता आजच हातात दिले आहे. त्या म्हणाल्या, "फार जड आहे." मी म्हणालो, सवय होते. मी स्वतः सही झाल्याबरोबर रुग्णालयात जात आहे. निरीक्षणालयाचा माणूस यायला आठवडा लागेल, आणि धुलाईखान्याची दुसरी पाळी दुपारी दोनला सुरू होते. त्या स्टुलावरून घड्या घालणाऱ्या बाईंना उठवायचे आणि बॉयलर बंद करायला लावायचा, एवढे काम आहे. ऐकले नाही तर तिथेच बसून राहीन.

नोकरी जाईल. धाकटे साहेब माझे तोंड पाहणार नाहीत. फाटक बंद झाले तर दोनशे माणसे मला रस्त्यात ओळख देणार नाहीत. त्या सगळ्याची मी तयारी केली आहे, किंवा केली असे इथे लिहितो. ज्याची तयारी करता येत नाही ते असे: एकशे वीस व्हॉल्व्हपैकी एक कुठे आहे ते मला ठाऊक आहे. उरलेल्या एकशे एकोणीसांकडे पाठ करून या घटकेला कोण बसले आहे ते मला ठाऊक नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा, वाचून पाहिलेला, खाडाखोड फक्त आठव्या कलमावर.

सही: (लिहून ठेवणार)

माझ्यासमोर सही झाली. कलमे वाचली नाहीत, ऐकू मात्र आली. चहाबद्दल वहिनींचे आभार.
सही: शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर

माझ्यासमोर सही झाली. सर्व पाने वाचली, कोपऱ्यातली भोके मोजली, बरोबर आहेत. लिफाफा मिळाला.
सही: प्रयोगशाळा

स्थळ: राहत्या घरी, मधले दार आता उघडे
वार मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा